सबमिट, खरा फायनल

पहिल्याच भेटीत त्याने माझा मॉनिटर बंद केला.

विचारलं नाही, सांगितलं नाही. खुर्ची पुढे ओढली, टेबलाच्या कडेवरून हात सरकवत मॉनिटरपर्यंत नेला, खालचं बटन चाचपलं आणि — टिक. तीन महिने जीव ओतून केलेली माझी वेबसाइट, केळीच्या बागेचा तो हिरवागार फोटो, सरकत येणारी अक्षरं… सगळं काळं.

“अहो, हे काय?” मी ओरडलेच.

“मला याचा उपयोग नाही,” तो शांतपणे म्हणाला. “तेवढीच वीज वाचेल.”

तेव्हा कुठे मला त्याच्या मांडीवरची घडी घातलेली पांढरी काठी दिसली. पितांबर सर, आमचे साहेब, मागून घाईघाईने आले. “अगं प्रज्ञा, हे तेजस. सावद्याचे. आपली साइट तपासायला बोलावलंय.”

जळगावातलं आमचं ऑफिस म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, एक कूलर आणि कायमची बंद लिफ्ट. मी मूळची धुळ्याची, देवपूरची. इथे खोली घेऊन राहायचे आणि वेबसाइटी बनवायचे. या वेळचं काम सावद्याच्या एका केळी उत्पादक संघाचं होतं. संघाचे अध्यक्ष रुपचंद आबा. साखरेच्या आजाराने त्यांचे डोळे गेले होते, पण ताठा गेला नव्हता. त्यांची एकच अट होती: केळीचा रोजचा भाव मला माझ्या फोनवर, माझा मी ऐकता आला पाहिजे. सुनेला विचारणार नाही.

मला वाटलं होतं, त्यात काय! फोन वाचून दाखवतोच की.

तेजसने संगणकातलं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर सुरू केलं, स्पीकर लावला आणि कीबोर्डवर बोटं ठेवली. एक यंत्रातली बाई बोलू लागली. इतक्या भरभर, की मला एक अक्षर कळेना.

“हे… तुम्हाला समजतं?”

“तुमच्यासाठी हळू करतो,” तो म्हणाला आणि हसला. मी उगाचच चष्मा सारखा केला. त्याला दिसणार नव्हतं, तरी केला.

मग त्या बाईने माझी अब्रू काढली. “बटन. बटन. बटन. फोटो, आयएमजी दोन शून्य तीन चार. बटन.” भावाच्या पानावर तर ती चक्क बरळू लागली. संघाकडून मजकूर यायचा तो छापखान्याच्या जुन्या फॉन्टमध्ये, आणि मी तो तसाच चिकटवला होता. डोळ्यांना शुद्ध मराठी दिसायचं. आत मात्र इंग्रजी अक्षरांचा नुसता काला होता.

“हा आजचा भाव,” तेजस गंभीरपणे म्हणाला. “आबा खूश होतील.”

शेवटी तो तळाच्या बटनापाशी आला. मी त्या बटनाला नावच दिलं नव्हतं. चित्र टाकून मोकळी झाले होते. नाव नसलं की ती बाई फाइलचं नाव वाचते, हे मला त्या दिवशी कळलं.

“सबमिट, खरा फायनल,” बाई खणखणीत आवाजात म्हणाली.

राकेश, माझ्या शेजारच्या टेबलावरचा, फसकन हसला. माझी जुनी खोड ती. आधी ‘फायनल’, मग ‘नवा फायनल’, आणि अगदीच शेवटचं असलं की ‘खरा फायनल’. कोण बघतंय, असं म्हणून फाइलींना मी वाटेल ती नावं देते.

तेजस मात्र हसला नाही. त्याची बोटं कीबोर्डवर होती तिथेच थांबली. त्याने ते पुन्हा ऐकलं. मग आणखी एकदा.

“फारच वाईट आहे ना?” मी विचारलं.

“नाही,” तो म्हणाला. “ही साइट मी तपासतो. उद्यापासून रोज येईन.”

निघताना जिन्यापाशी मी धावत जाऊन त्याचा दंड पकडला आणि त्याला खाली नेऊ लागले. एका पायरीवर तो थांबला.

“मॅडम, पोलीस नेतात तसं नेऊ नका. तुम्ही माझा हात धरायचा नाही. मला तुमचा धरू द्या.”

“म्हणजे?”

“कोपर द्या. तुम्ही पुढे, मी अर्धं पाऊल मागे. बघणाऱ्याने वाट काढायची, न बघणाऱ्याने तिच्यावर विश्वास ठेवायचा.”

मी कोपर पुढे केलं. त्याने चार बोटांनी हलकेच धरलं. मे महिना, बाहेर पंचेचाळीस अंश, आणि माझ्या हातावर चक्क काटा आला… मी मनातल्या मनात स्वतःला दोन शिव्या हासडल्या.

पुढचे चार आठवडे तो रोज सावद्याहून एसटीने यायचा. मी चुका दुरुस्त करायचे, तो नव्या काढायचा. मी चिडायचे, तो केळीचे वेफर्स पुढे करायचा.

“रंगाने दाखवू नका. भाव वाढला की हिरवा, पडला की लाल, हे माझ्या काय कामाचं?”

“मग काय करू, गाऊन दाखवू?”

“आवाज बरा आहे तुमचा. पण ‘वाढला’ एवढं लिहिलंत तरी भागेल.”

तो असं काही बोलायचा, आणि मी कामाच्या नावाखाली कान तापेपर्यंत तीच ओळ पुन्हा पुन्हा टाइप करत बसायचे.

प्रत्येक फोटोच्या मागे वर्णन लिहायचं, हे त्यानेच शिकवलं. ते पडद्यावर दिसत नाही. फक्त त्या बाईला दिसतं, आणि ती ऐकणाऱ्याच्या कानात सांगते. मी दिवसभर कच्च्या पानावर, म्हणजे लोकांसमोर न गेलेल्या साइटवर, वर्णनं लिहायचे, तो ती ऐकून सुधारायचा. त्यासाठी त्याला लॉगिनही दिलं होतं. एकदा तो ऑफिसच्या सगळ्यांच्या फोटोपाशी अडला.

“‘ऑफिसमधील कर्मचारी.’ एवढंच? कोण कोण आहे?”

“पितांबर सर, मी, राकेश, कूलर.”

“तुम्ही कुठे?”

“डावीकडून दुसरी.”

“कशा आहात?”

कूलर घरघरत होता. राकेश चहाला गेला होता. “कशी म्हणजे… सावळी. चष्मा. केस बांधलेले.”

“हे ओळखपत्र झालं. वर्णन सांगा.”

“तुम्हीच लिहा ना मग!”

“लिहीन,” तो म्हणाला. “अजून माहिती गोळा करतोय.”

मी वेफर्सच्या पुडीत हात घातला तर त्याचाही हात तिथेच होता. दोघांनीही घाईने काढला नाही…

आणि मग तो बुधवार आला.

काम संपत आलं होतं. सोमवारी सावद्याच्या मंगल कार्यालयात संघाचा कार्यक्रम होता, तिथे तेजस साइट सगळ्यांसमोर चालवून दाखवणार होता. चहा पिता पिता मी सहज विचारलं, “तुम्ही या कामाकडे कसे वळलात?”

“रागाने,” तो म्हणाला. “गेल्या वर्षी एका शिक्षण संस्थेत संगणक शिक्षकाची जागा निघाली होती. आंधळ्या मुलांना शिकवायला. माझ्यासाठीच निघाल्यासारखी. अर्ज ऑनलाइन. बसलो भरायला. फॉर्म दहा मिनिटांनी बंद पडायचा आणि सगळं पुसून जायचं. बघणाऱ्याला सात मिनिटं लागतात, मला पंधरा. चौदा वेळा भरला. चौदा वेळा बाहेर फेकला गेलो. भावाला हाक मारेपर्यंत पाच वाजले, मुदत संपली.”

“कुठली… कुठली संस्था?”

त्याने नाव सांगितलं.

माझ्या हातातला कप बशीवर वाजला. ती दहा मिनिटं माझी होती. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मागितलं नव्हतं. फॉर्म उघडा टाकून लोक निघून जातात म्हणून मीच घातली होती, एका दुपारी, घाईत. तो फॉर्म मी बनवला होता.

“काय झालं?” तेजसने विचारलं. “श्वास घेतलात, पण बोलला नाहीत.”

“काही नाही. चहा गरम आहे.”

मी आयुष्यात इतकं भित्रं वाक्य बोललेले नाही. गुरुवारी सांगायचं ठरवलं, जमलं नाही. तोंड उघडलं की समोर त्याचा चेहरा यायचा, आणि सांगून टाकलं की तो चेहरा उद्यापासून येणार नाही, हेही कळायचं. खोटं कशाला बोलू? मला त्या माणसाची सवय झाली होती. सवय कसली, प्रेमच जडलं होतं, आणि मीच त्याचा घास काढून घेतला होता.

शुक्रवारी सगळे गेल्यावर मी कच्च्या पानावरचा तो फोटो उघडला. दर शनिवारी तेजस आठवड्याची वर्णनं इअरफोन लावून एकट्याने ऐकायचा. माझं जुनं वर्णन पुसलं आणि लिहिलं:

“तेजस, गेल्या वर्षी तुम्हाला चौदा वेळा बाहेर फेकणारा तो फॉर्म मी बनवला होता. माफी मागायला मला तोंड नाही. आणि तुम्ही मला आवडता, हे सांगायला तर मुळीच नाही. प्रज्ञा.”

जतन केलं, आणि शनिवारी पहाटेच्या एसटीने धुळ्याला पळाले.

देवपुरात घरी आईने, द्रौपदाबाईने, दारातच माझं तोंड वाचलं. आई साक्रीकडची, अजून घरात अहिराणीच बोलते. “काय व्हयनं वं? तोंड काबर उतरेल शे?”

मी तिला सगळं सांगितलं. म्हणजे फॉर्मचं. बाकीचं तिने न सांगताच ओळखलं असावं, कारण तिने एवढंच विचारलं, “मानूस चांगला शे ना?”

“चांगला आहे गं.”

“मंग तुना तोंडनी सांग. कागदवर लिखीसन पळी येवानं नहीं.”

पण मी लिहूनच पळाले होते. शनिवार गेला. रविवार गेला. फोन उशाशी ठेवला, पोटाशी ठेवला, तो एकदाही वाजला नाही. त्याने ऐकलं असणार. उत्तर द्यायची गरजही वाटली नसणार. बुद्धवंदनेला आईशेजारी बसले तर हात जोडलेले आणि लक्ष फोनकडे.

सोमवारी कशीबशी सावद्याला पोहोचले. मंगल कार्यालयाबाहेर केळीच्या गाड्या, आत दोनशे माणसं, टोप्या, पदर, पंख्यांचा आवाज. तेजस दाराशीच उभा होता.

“आलात? तुमच्या चपलेचा आवाज कळतो.” त्याचा चेहरा नेहमीसारखाच हसरा. “कोपर द्या.”

मला काही समजेना. “तुम्ही… शनिवारी वर्णनं ऐकलीत?”

“नाही ना. मंडपाच्या कामाला जुंपलं होतं मला. राकेशला म्हटलं, कच्ची साइट तूच सगळ्यांसाठी वर टाक. त्यानेही बघितली, सरांनीही बघितली. मस्त दिसते म्हणाले.”

मस्त दिसते. दिसतेच ती! जे मी लिहिलं होतं ते दिसणारंच नव्हतं.

“तेजस, थांबा, मला जरा लॅपटॉप—”

“चला चला!” पितांबर सरांनी त्याला व्यासपीठावर नेलंसुद्धा.

रुपचंद आबांनी आधी स्वतःच्या फोनवर साइट उघडली. आजचा भाव यंत्रातल्या बाईने स्वच्छ मराठीत सांगितला, माइकवरून, साऱ्या सभागृहाला. “कालपेक्षा वाढला,” ती म्हणाली. आबांनी फोन कानाशी धरून तो भाव तीनदा ऐकला. चौथ्यांदा त्यांचा आवाज फुटला. “तीन वर्सानं मी सोता ऐकला रे भो,” ते म्हणाले. बायाबापड्यांनी डोळ्यांना पदर लावले. मीही रडले असते, पण मी घामाने निथळत होते.

मग तेजसने लॅपटॉपवर उरलेली साइट दाखवायला घेतली. मला वाटलं, वाचले. एवढ्यात पितांबर सरांना हौस आली.

“अहो, आमच्या ऑफिसचा फोटो पण ऐकवा की!”

मी उभी राहिले. व्यासपीठाकडे निघाले. तेजसने बाण दाबला. लोकांना समजावं म्हणून त्याने बाईचा वेग अगदी कमी ठेवला होता.

“फोटो,” बाई म्हणाली. “तेजस, गेल्या वर्षी तुम्हाला… चौदा वेळा बाहेर फेकणारा… तो फॉर्म मी बनवला होता.”

त्या बाईला गप्प करायला एक बटन पुरतं. कंट्रोल. तेजसचं बोट त्या बटनावर होतं, मला इथून दिसत होतं. त्याने ते दाबलं नाही.

“माफी मागायला मला तोंड नाही. आणि तुम्ही मला आवडता… हे सांगायला तर मुळीच नाही. प्रज्ञा.”

पंखे तेवढे फिरत होते. राकेशच्या हातातून फोन पडला. दोनशे माना शोधत शोधत माझ्याकडे वळल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या एक बाई उठल्या. हिरवं लुगडं, हातात पिशवी. तेजसची आई, सुनंदाबाई, हे मला कुणी सांगायला नको होतं. नाक तेच.

“काबरं वं बाई,” त्या मोठ्यांदा म्हणाल्या, “हे मशीनले काबरं सांगाले लावलं? तुले तोंड नव्हतं का?”

सभागृह हसलं. मी पळाले.

बाहेर केळीच्या गाडीआड उभी राहून मी रडत होते. काठीची टकटक जवळ आली आणि थांबली.

“प्रज्ञा.”

त्याने आजवर मला नुसत्या नावाने हाक मारली नव्हती.

“मला माफ करू नका,” मी म्हणाले. “तुमची नोकरी माझ्यामुळे गेली.”

“माहीत आहे.”

“आता कळलंच की सगळ्यांना.”

“मला पहिल्या दिवशीच कळलं होतं.”

मी रडायची थांबले. “काय?”

“त्या फॉर्मच्या बटनालाही नाव नव्हतं. बाकी सगळं पुसलं गेलं की तेवढंच उरायचं, चौदा वेळा ऐकलं मी ते. सबमिट, खरा फायनल. तुमच्या ऑफिसात ती बाई तेच बोलली आणि माझी बोटंच थांबली. असं नाव ठेवणारं दुसरं कोण असणार?”

एक महिना! महिनाभर मी ज्याच्या बोटांना कोपर देत होते, त्याला सगळं माहीत होतं. “मग बोलला का नाहीत?”

“पहिल्या दिवशी भांडणारच होतो. म्हटलं, आधी बाईंच्या सगळ्या चुका मोजू, मग एकदम बोलू. दुसऱ्या दिवशी बघतो तर तुम्ही रात्रीतून सगळी बटनं नीट करून ठेवलेली. तिसऱ्या दिवशी जुना फॉन्ट उपटून टाकलात. राग धरून ठेवायला तुम्ही काही हाती लागू देईनात.” तो थांबला. “बुधवारी मुद्दाम सांगितलं. म्हटलं, बघू, ही कबूल करते की चहावर ढकलते.”

“चहावर ढकललं मी.”

“हो. दोन दिवस जेवण गेलं नाही मला.”

आतून लोकांचा कालवा ऐकू येत होता. मी नाक पुसलं. “तुमचं बोट कंट्रोलवर होतं. दाबलं का नाही?”

“पुढचं ऐकायचं होतं,” तो म्हणाला.

“आणि त्याचं… उत्तर?”

“लिहून देईन. तुमचीच पद्धत.” मग आवाज खाली आला. “आई बोलली ते मनावर घेऊ नका. तिला राग यंत्राचा आलाय, तुमचा नाही. पण केळीवाल्यांचं घर आहे आमचं. तुमच्या घरच्या भिंतीवर बाबासाहेब आहेत, आमच्या भिंतीवर नाहीत. पुढे बोलणारे बोलतील. हेही तुम्ही आधी बघून घ्या.”

“बघणाऱ्याने वाट काढायची ना?” मी म्हणाले. एवढं धाडस माझ्यात कुठून आलं, कोण जाणे. त्याची काठी मातीत उगाचच रेघ ओढत राहिली.

मंगळवारी तो आला नाही. बुधवारी सकाळी दहा वाजता मी साइट उघडली, ते भयंकर वाक्य पुसायला. लोकांसमोरच्या साइटवर ते नव्हतंच. कुणीतरी आधीच काढलं होतं, आणि फक्त कच्च्या पानावर काहीतरी नवं केलं होतं. पडद्यावर दिसायला तोच फोटो: सर, मी, राकेश, कूलर. खाली मात्र एक बारीकसं बटन आलं होतं. कोरं.

मी इअरफोन लावले. हात पुढे केला आणि मॉनिटर बंद केला. टिक.

“फोटो,” बाई म्हणाली. “डावीकडून दुसरी प्रज्ञा. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तिला दम लागतो, पण ती कबूल करत नाही. बोलण्याआधी एक श्वास घेते. चिडली की कीबोर्ड बडवते. खोटं एकदाच बोलली, चहाबद्दल. खरं बोलली ते दोनशे माणसांसमोर. मी तिच्या दाराशी चौदा वेळा आलो आणि परत गेलो. पंधराव्या वेळी तिने कोपर पुढे केलं. मला ती फार आवडते. तिची तयारी असेल तर खालचं बटन तिच्यासाठी आहे.”

मी बाण दाबला.

“बटन,” बाई म्हणाली. “हो, खरा फायनल.”

“प्रज्ञा, मॉनिटर गेला का गं तुझा?” राकेशने शेजारून विचारलं.

मी त्याला हाताने गप्प केलं आणि एंटर दाबलं.

क्षणभर काहीच नाही. बंद पडलं की काय? पुसलं गेलं की काय?

“नोंद झाली,” बाई म्हणाली. “या पानाला वेळेची मर्यादा नाही.”